स्लो न धरणारी जुनी गाडी: स्क्रूला हात लावण्यापूर्वी काय तपासावे

टिळकवाडीच्या रेल्वे फाटकावर गाडी थांबते, समोरचा दांडा खाली येतो आणि मिनिटभरात इंजिन दोन-तीन हिसके देऊन गप्प होते. बेळगावात जुनी गाडी चालवणाऱ्या पुष्कळांना हा अनुभव आहे. चावी फिरवली की गाडी पुन्हा चालू होते, अ‍ॅक्सिलेटरवर पाय असेपर्यंत नीट चालते आणि मोकळ्या रस्त्याला लागली की तक्रारीला जागाही ठेवत नाही. पाय काढला की मात्र थरथरू लागते. पाय काढल्यावर इंजिन ज्या संथ वेगाने फिरत राहते त्याला गॅरेजच्या भाषेत 'स्लो' म्हणतात; अशी गाडी 'स्लो धरत नाही' किंवा, ठोके चुकत असतील तर, 'मिसिंग करते'. निपाणी, चिकोडी, रायबाग या भागात बोलणे कन्नडमध्ये सुरू झाले तरी स्लो, डेल्को (ठिणगीची वीज सिलिंडरांना वाटणारा डिस्ट्रिब्युटर), टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणारी जोडणी), पॅकिंग (सांध्यातली गॅस्केट) हे शब्द दोन्ही भाषांत तेच असल्यामुळे मेस्त्रीला तक्रार सांगायला अडचण येत नाही. अडचण होते ती तक्रार अर्धवट सांगितल्यामुळे, आणि अर्धवट तक्रारीवर बहुतेक ठिकाणी एकच उपाय केला जातो, तो म्हणजे कार्ब्युरेटरचा (हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचा) स्लो स्क्रू अर्धा फेरा आवळून देणे.

माझ्या कार्ब्युरेटरवाल्या मारुती 800 वर हा उपाय तीन वेळा झाला. स्लो वाढवल्यावर गाडी आठवडाभर टिकायची, पण पेट्रोल जास्त लागायचे, रिव्हर्स गिअर करकरत पडायचा आणि पुढच्या आठवड्यात फाटकावर पुन्हा तेच व्हायचे. खरा दोष ब्रेक बूस्टरकडे (इंजिनाच्या ओढीने ब्रेकला जोर देणाऱ्या डबीकडे) जाणाऱ्या रबरी पाइपला टोकाशी पडलेल्या बोटाच्या पेराएवढ्या चिरेत होता. चीर सापडायला दहा मिनिटे लागली आणि पाइप बदलायला त्याहून कमी वेळ लागला. मात्र तीन वेळा हलवलेले स्क्रू मूळ जागी आणण्यात एक अख्खा रविवार गेला. त्या रविवारपासून मी ठरवलेला तपासणीचा क्रम पुढे दिला आहे. तो मुख्यतः मारुती 800, ओम्नी, प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर अशा कार्ब्युरेटरवर चालणाऱ्या पेट्रोल गाड्यांसाठी आहे. सुरुवातीच्या एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणाऱ्या) गाड्यांविषयी शेवटाकडे थोडे लिहिले आहे.

पाय काढल्यावरच दोष का दिसतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. स्लोवर असताना थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते, इंजिनाला हवा आणि पेट्रोल अगदी मोजके मिळते, आणि त्यातून निर्माण होणारी ताकद इंजिनाला स्वतःला फिरवत ठेवण्यापुरतीच असते. त्याच वेळी मिटलेल्या झडपेच्या आतल्या बाजूला, म्हणजे सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या मॅनिफोल्डमध्ये, ओढ सर्वांत जास्त असते, त्यामुळे कुठेही बारीक भोक असले तर बाहेरची हवा तिथून आत खेचली जाते. रस्त्यावर जोरात चालणाऱ्या इंजिनाच्या एकूण हवेत ही गळती नगण्य असते. स्लोवर तीच गळती मिश्रणाचे प्रमाण बिघडवून टाकते. मारुती 800 च्या तीन सिलिंडरांपैकी प्रत्येकात मिनिटाला साडेआठशे फेऱ्यांच्या स्लोवर सेकंदाला सुमारे सात स्फोट होतात. त्यांतला एक सिलिंडर गप्प बसला तर एक तृतीयांश ताकद गेली, म्हणून चार सिलिंडरच्या पद्मिनीपेक्षा ही गाडी त्याच दोषाने अधिक हलते. अर्थात तीन सिलिंडरची गाडी निरोगी असतानाही थोडी थरथरतेच. इंजिनाचा आवाज एकसारखा असूनही स्टिअरिंग आणि आरसा हलत असेल, तर कार्ब्युरेटर उघडण्याआधी इंजिनाची माउंटिंग रबरे फाटली आहेत का ते पाहावे.

पहिले काम: बॉनेट बंद ठेवून निरीक्षण

हत्यार हातात घेण्यापूर्वी चार-पाच दिवस गाडीत एक वही ठेवावी आणि गाडी प्रत्येक वेळी नेमकी कशी व केव्हा बंद पडली ते लिहावे. यात सर्वांत उपयोगी प्रश्न एकच आहे: इंजिन चावी काढल्यासारखे एकदम बंद झाले, की दम लागल्यासारखे आचके देत हळूहळू बंद झाले? एकदम बंद पडणारी गाडी बहुधा ठिणगीच्या बाजूने आजारी असते, म्हणजे कॉइल, डेल्को, इग्निशन स्विच किंवा एखादी सैल वायर. आचके देत मरणाऱ्या गाडीत पेट्रोल कमी येते, जास्त येते, किंवा हवा भलतीकडून शिरते.

दुसरा प्रश्न थंड-गरमचा. डिसेंबरच्या पहाटे चोक ओढूनही गाडी धरत नसेल आणि गरम झाल्यावर सुधारत असेल, तर चोकची झडप पूर्ण मिटत नाही, त्याची केबल घसरते किंवा मिश्रण मुळातच पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) आहे. उलट थंड असताना चांगली चालणारी गाडी मे महिन्यात बाजारपेठेत अर्धा तास अडकल्यावर बंद पडत असेल, तर कॉइल गरम होऊन ठिणगी कमजोर होणे, कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळून आत ओघळणे, किंवा पाइपात पेट्रोलची वाफ धरणे, या तीन शक्यता आहेत. बंद पडल्याबरोबर पेट्रोलचा उग्र वास आला आणि अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरल्यावर गाडी काळा धूर सोडत चालू झाली, तर पेट्रोल ओघळले आहे असे समजावे. वास नाही, आणि थंड झाल्याशिवाय कितीही स्टार्टर मारला तरी चालू होत नाही, तर आधी ठिणगी पाहावी.

तिसरा प्रश्न प्रदेशाचा आहे, आणि आपल्याकडे तो महत्त्वाचा ठरतो. खानापूर, जांबोटी, चोर्ला या पट्ट्यात जून ते सप्टेंबर हवा सतत ओली असते. फक्त पावसात किंवा धुक्यात मिसिंग करणाऱ्या गाडीच्या एच.टी. वायरी (प्लगपर्यंत ठिणगीची वीज नेणाऱ्या जाड वायरी) आणि डेल्कोची कॅप संशयित धरावी. अथणी-रायबागकडे कोरड्या दिवसांत धूळ अतोनात असते, आणि ऊसतोडणीच्या हंगामात ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागून चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर ठरलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी तुंबतो. शेतातल्या घराजवळ महिनोन्महिने उभ्या राहिलेल्या गाडीत उंदरांनी पाइप कुरतडलेले असण्याची शक्यता मी तरी आधी पाहतो.

याशिवाय ब्रेक दाबताना बंद पडते का, जोरात थांबवल्यावर पडते का, हेडलाइट किंवा एसी लावल्यावर पडते का, पेट्रोल भरल्यानंतर एक-दोन दिवसांत सुरू झाले का, हेही लिहावे. या नोंदी पूर्ण झाल्या की निम्मे निदान झालेले असते.

हवेची गळती

पुढची सर्व कामे मोकळ्या जागेत करावीत, कारण बंद शेडमध्ये चालू इंजिनाचा धूर जीवघेणा असतो. हँडब्रेक ओढलेला आणि गाडी न्यूट्रलमध्ये असावी, चाकांना दगड लावावेत, लुंगी, ओढणी किंवा सैल बाही पंख्याच्या पट्ट्याजवळ जाऊ देऊ नये, आणि विजेवर चालणारा रेडिएटरचा पंखा न सांगता सुरू होतो हे ध्यानात ठेवावे. जवळ विडी-सिगारेट नको. बाटलीने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल ओतून गाडी चालू करण्याची जी सवय आपल्याकडे सर्रास दिसते, ती पूर्णपणे टाळावी. उलट भडका उडून बाटलीसह हात भाजतो.

गाडी गरम करून स्लोवर ठेवावी आणि रेडिओ, पंखा सगळे बंद करून नुसते ऐकावे. मोठी गळती सुस्काऱ्यासारखी ऐकू येते. त्यानंतर कार्ब्युरेटरवर येणारा प्रत्येक रबरी पाइप एकेक करून चिमट्याने, मध्ये फडके धरून, हलकेच दाबावा. एखादा पाइप दाबताच इंजिन सुधारले तर गळती त्या पाइपात किंवा त्याच्या पलीकडच्या भागात आहे. ब्रेक बूस्टरची तपासणी वेगळी करावी: इंजिन बंद करून पेडल चार-पाच वेळा दाबावे, मग ते दाबून धरून इंजिन चालू करावे. पेडल थोडे खाली गेले तर बूस्टर काम करतो. त्यानंतर स्लोवर असताना पेडल दाबून धरले आणि इंजिनाचा आवाज बदलून तसाच राहिला, किंवा बूस्टरमधून हवा फुसफुसू लागली, तर आतला पडदा फाटलेला आहे. हा दोष केवळ स्लोचा नाही, ब्रेकचाही आहे. अशी गाडी दुरुस्तीपूर्वी घाटात नेऊ नये.

पाइप चांगले निघाले तर कार्ब्युरेटर आणि मॅनिफोल्ड यांच्या सांध्यांकडे वळावे. कार्ब्युरेटरखालची पॅकिंग आणि उष्णता अडवणारा जाड तुकडा जुन्या गाड्यांत हमखास चिरतो किंवा वाकतो, कारण प्रत्येक मेस्त्रीने नट जरा जास्तच आवळलेले असतात. झाडांवर पाणी मारायच्या लहान फवाऱ्याने या सांध्यांवर पाण्याचा बारीक तुषार मारावा. गळतीच्या जागी पाणी क्षणभर भोक बुजवते आणि इंजिनाचा सूर बदलतो. याच कामासाठी कार्ब क्लीनरचा स्प्रे वापरणारेही आहेत, पण गरम एक्झॉस्टशेजारी ज्वलनशील स्प्रे मारणे मला पटत नाही. पाण्याने काम होते. फक्त ते डेल्कोवर उडू देऊ नये.

एअर फिल्टरचे झाकण काढून कार्ब्युरेटरच्या तोंडावर तळहात हळूहळू आडवा आणण्याची जुनी चाचणीही फार बोलकी आहे. हवा थोडी अडवल्यावर इंजिन सावरले तर मिश्रण पातळ होते, म्हणजे कुठेतरी जादा हवा शिरते आहे किंवा स्लोचा जेट (स्लोवर पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) तुंबला आहे. हवा अडवल्याबरोबर इंजिन अधिकच गुदमरले, तर मिश्रण आधीच घट्ट (पेट्रोल जास्त) आहे. मग फ्लोट (कार्ब्युरेटरमधल्या पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता तुकडा), त्याने मिटणारा निडल व्हॉल्व्ह, अर्धवट ओढला गेलेला चोक आणि तुंबलेला एअर फिल्टर यांकडे पाहावे.

ज्यांच्याकडे व्हॅक्यूम गेज (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारे मापक) आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. पुस्तकांत निरोगी इंजिनासाठी दिलेला पाऱ्याच्या 17 ते 21 इंचांचा आकडा समुद्रसपाटीचा असतो. दर 300 मीटर उंचीला तो साधारण एक इंचाने उतरतो, आणि बेळगाव सुमारे 750 मीटरवर आहे. म्हणजे इथे 15 ते 18 इंचांच्या दरम्यान स्थिर उभा असलेला काटा पाहून गळती शोधत बसण्याचे कारण नाही. काटा स्थिर पण फारच खाली असेल तर गळती किंवा उशिरा पडणारी ठिणगी, ठराविक तालात झटके देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा सिलिंडर, आणि हळूहळू वरखाली डोलत असेल तर मिश्रण, असा त्याचा अर्थ लावतात.

ठिणगी

हवेची बाजू साफ निघाली की कोणता सिलिंडर काम करत नाही ते शोधावे. इंजिन स्लोवर ठेवून, रबरी मुठीच्या पक्कडीने आणि कोरड्या हातांनी, प्लगची एकेक टोपी काढून लगेच परत बसवावी. टोपी काढताच इंजिन आणखी लंगडले तर तो सिलिंडर काम करत होता. काहीच फरक पडला नाही तर दोषी तोच. इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या गाडीत टोपी अशी उघडी ठेवून इंजिन चालवल्याने कॉइल किंवा मॉड्यूल जळू शकते, म्हणून तिथे इंजिन बंद करून टोपी काढावी, तिच्यात जादा प्लग बसवून तो इंजिनाच्या लोखंडावर नीट टेकवावा आणि मग इंजिन चालू करावे.

दोषी सिलिंडर कळला की नवा प्लग विकत आणण्याआधी त्याचा प्लग शेजारच्या सिलिंडरमध्ये टाकून पाहावा. दोष प्लगबरोबर शेजारी गेला तर प्लग खराब, तिथेच राहिला तर एच.टी. वायर बदलून पाहावी, तरीही राहिला तर व्हॉल्व्ह आणि कम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब). अदलाबदलीच्या या रीतीला एक पैसा लागत नाही, आणि तिच्यामुळे चांगले सुटे भाग फुकट बदलले जात नाहीत.

काढलेल्या प्लगकडे नीट पाहावे. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर तो सिलिंडर समाधानी आहे. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त; पेट्रोलने ओला म्हणजे ठिणगीच पडत नाही; तेलाने चिकट म्हणजे व्हॉल्व्हची सीलरबरे किंवा पिस्टन रिंग; पांढरट, भाजल्यासारखा म्हणजे मिश्रण पातळ. फक्त एकाच प्लगचा रंग वेगळा असेल तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे, आणि सगळेच सारखे काळे असतील तर दोष कार्ब्युरेटरसारख्या सामाईक भागात आहे. मात्र हे वाचन वीसएक किलोमीटर चालवून आणलेल्या गाडीवर करावे. दहा मिनिटे स्लोवर ठेवलेल्या गाडीचे प्लग नेहमीच काळसर दिसतात.

डेल्कोची कॅप उघडून आतल्या बाजूला पेन्सिलीने ओढल्यासारख्या बारीक काळ्या रेषा आहेत का ते भिंगाने पाहावे. त्या रेषांवरून वीज वाट चुकते. मधला कार्बनचा तुकडा झिजलेला किंवा स्प्रिंगमध्ये अडकलेला असू शकतो. रात्री दिवे मालवून, बॉनेट उघडून, इंजिन चालू ठेवून पाहिले तर खराब एच.टी. वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतात. कोरड्या हवेत दिसल्या नाहीत तर वायरींवर पाण्याचा हलका तुषार मारून पाहावे. जांबोटीच्या पावसात होणारे मिसिंग घरच्या अंगणात दाखवणारी ही चाचणी आहे. पावसाळ्यात गाडी बंद पडली की कॅप काढून फडक्याने पुसून पुढे जाणारे पुष्कळ असतात, पण चिरलेली कॅप पुसून बरी होत नाही.

पॉइंटच्या (डेल्कोत वीज तोडून ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांच्या) गाडीत, म्हणजे पद्मिनी, अ‍ॅम्बॅसडर आणि सुरुवातीच्या मारुतीत, पॉइंटांमधले अंतर फिलर गेजने मोजावे. ते साधारण 0.4 ते 0.5 मिलिमीटरच्या आसपास असते, पण नेमका आकडा त्या मॉडेलच्या पुस्तकातून घ्यावा. पॉइंट जळून एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला उंचवटा झाला असेल तर कंडेन्सरही बदलावा. पॉइंटचे अंतर बदलले की टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बदलते, म्हणून आधी पॉइंट आणि नंतर टायमिंग हा क्रम मोडू नये. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सच्या डबीला (जी ओढीनुसार ठिणगी लवकर पाडते) येणारा पाइप काढून तोंडाने ओढून पाहावे. हवा सहज येत राहिली तर आतला पडदा फाटला आहे, आणि तो एकाच वेळी हवेचीही गळती आहे.

पेट्रोल

गाडी बंद पडताच टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत ओढल्याचा मोठा आवाज आला आणि त्यानंतर गाडी चालू झाली, तर टाकीची श्वासवाट बंद आहे. याहून स्वस्त निदान कोणतेच नाही. पेट्रोल फिल्टर कधी बदलला ते आठवत नसेल तर तो बदलावा; त्यावर विचार करण्यात वेळ घालवू नये.

कार्ब्युरेटरवर पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप) असेल तर इंजिन बंद ठेवून फक्त चावी चालू करावी. सोलेनॉइडमधून स्पष्ट 'टक' असा आवाज आला पाहिजे. आवाज आला नाही तर त्याच्या वायरीत वीज येते का ते पाहावे. हा सोलेनॉइड मेला किंवा त्याची वायर सैल झाली की गाडी रेस केल्यावर उत्तम चालते आणि स्लोवर एक क्षणही थांबत नाही. एका ओळखीच्या ओम्नीचा कार्ब्युरेटर याच कारणाने दोनदा पूर्ण उघडून धुतला गेला होता.

स्लोचा जेट केसाएवढ्या भोकाचा असतो आणि टाकीतल्या गंजाचा एक कण त्याला पुरतो. तो काढून कॉम्प्रेसरच्या हवेने साफ करावा; तारेने टोकरू नये, कारण भोक मोठे झाले की मिश्रण पुन्हा कधीच बसत नाही. जोरात ब्रेक मारल्यावर किंवा वळणावर बंद पडणाऱ्या गाडीत फ्लोटची पातळी तपासावी, आणि फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल खुळखुळते का ते ऐकावे.

आता इथेनॉलविषयी. देशात पेट्रोलमध्ये 10 टक्के इथेनॉल मिसळण्याचा टप्पा 2022 मध्ये गाठला गेला आणि 20 टक्क्यांच्या मिश्रणाची विक्री 2023 पासून सुरू झाली. त्यातले काही इथेनॉल आपल्याच जिल्ह्यातल्या साखर कारखान्यांत तयार होते, पण कार्ब्युरेटरच्या काळातल्या गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नव्हत्या. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने हवेचे सुमारे 14.7 भाग लागतात, तर 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला सुमारे 13.5 भाग. जेट तेच राहिल्यामुळे जुन्या गाडीचे मिश्रण आपोआप पातळ होते, आणि पातळपणा सर्वांत आधी स्लोवर जाणवतो. बेळगावच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सात-आठ टक्के विरळ असल्यामुळे कार्ब्युरेटरचे मिश्रण थोडे घट्टही होते. म्हणून इथे कशीबशी चालणारी गाडी चोर्ला घाट उतरून पणजीला पोहोचल्यावर स्लो सोडते, आणि मालक गोव्याच्या पेट्रोलला दोष देतो.

इथेनॉलचे आणखी दोन परिणाम लक्षात ठेवावेत. ते जुन्या रबराला मऊ करते किंवा फुगवते, त्यामुळे पेट्रोलचे पाइप, पंपाचा पडदा आणि निडल व्हॉल्व्हचे रबरी टोक तपासावे, आणि लागेल तिथे इथेनॉल सोसणारे भाग घालावेत. शिवाय ते पाणी ओढून घेते. पाण्याचे प्रमाण मर्यादेपलीकडे गेले की इथेनॉल आणि पाणी मिळून तळाशी वेगळा थर करतात, आणि पंप नेमका तोच थर उचलतो. पावसाळाभर अर्ध्या टाकीने उभी ठेवलेली गाडी श्रावणानंतर धरत नसेल, तर टाकीच्या तळातून थोडे पेट्रोल पारदर्शक काचेच्या बाटलीत काढून तासभर स्थिर ठेवावे. खाली वेगळा थर दिसला तर टाकी रिकामी करून धुण्याला पर्याय नाही.

ज्या ओम्नीला गॅस किट बसवलेले आहे तिच्या मालकाकडे एक आयती चाचणी आहे. गॅसवर गाडी स्लो धरते आणि पेट्रोलवर धरत नाही, तर दोष पेट्रोलच्या वाटेत; दोन्हींवर सारखेच मिसिंग होते, तर दोष ठिणगीत, हवेच्या गळतीत किंवा इंजिनात.

टॅपेट आणि कम्प्रेशन

वरचे सगळे ठीक निघूनही एक सिलिंडर गप्प असेल तर टॅपेटचे अंतर, पुस्तकात सांगितल्याप्रमाणे थंड किंवा गरम इंजिनावर, तपासावे. आवाज करणारे टॅपेट लोक लगेच गॅरेजला नेतात. घट्ट झालेले टॅपेट आवाज करत नाहीत आणि म्हणूनच अधिक घातक असतात, कारण व्हॉल्व्ह पूर्ण मिटत नाही आणि जळतो. 1 फेब्रुवारी 2000 पासून देशभर शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. त्याआधीच्या काही जुन्या इंजिनांत मऊ व्हॉल्व्ह सीटना शिशाच्या थराचे संरक्षण मिळत असे. ते गेल्यावर एक्झॉस्ट सीट झिजून व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेट दर काही हजार किलोमीटरला पुन्हा घट्ट होतो. असे वारंवार होत असेल तर हेड उतरवून कठीण सीट बसवणे हा उपाय आहे, आणि उद्यमबागेसारखी औद्योगिक वसाहत असलेल्या बेळगावात असे मशीनिंग करणारा कारागीर शोधायला लांब जावे लागत नाही.

कम्प्रेशन मोजताना सर्व प्लग काढावेत, कॉइलची वायर सोडवावी, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून धरावा आणि बॅटरी भरलेली असावी. एकट्या आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजावे: आकडा वाढला तर रिंग, तसाच राहिला तर व्हॉल्व्ह किंवा हेडची पॅकिंग. दोन शेजारी सिलिंडर एकदम कमी असतील तर पॅकिंग मधोमध फुटली आहे.

एमपीएफआय गाड्यांत कार्ब्युरेटरचे स्क्रू नसतात, त्यामुळे काम थोडक्यात आटोपते. थ्रॉटल बॉडीत साचलेला कार्बन आणि स्लो सांभाळणारा व्हॉल्व्ह साफ करावा, मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डमधली ओढ मोजणाऱ्या सेन्सरचा) बारीक पाइप तपासावा, इंजिनाचा दिवा लागला असेल तर स्कॅनर लावून कोड वाचावा. चालू इंजिनावर बॅटरीचे व्होल्टेज 13.5 ते 14.5 च्या बाहेर असेल तर आधी अल्टरनेटर. कमी व्होल्टेजवर सेन्सर भलतेच काही सांगतात. हवेची गळती, प्लग आणि कम्प्रेशनचे नियम इथेही तेच.

स्क्रू सर्वांत शेवटी

दोष सापडून दूर झाल्यावरच स्लो बसवावा. प्रथम मिश्रणाचा स्क्रू किती फेऱ्यांवर आहे ते मोजून वहीत लिहावे: तो हलक्या हाताने शेवटपर्यंत आत फिरवत फेरे मोजायचे आणि तितकेच परत उघडायचे. शेवटाला जोर दिला तर स्क्रूचे टोक चेपते. इंजिन पूर्ण गरम, चोक आत ढकललेला, दिवे आणि रेडिएटरचा पंखा बंद, अशा स्थितीत थ्रॉटलच्या स्क्रूने स्लो पुस्तकातल्या आकड्याजवळ आणावा. मारुती 800 साठी तो साडेआठशेच्या आसपास असतो. मग मिश्रणाचा स्क्रू पाव-पाव फेऱ्याने फिरवत इंजिन सर्वांत वेगाने आणि गुळगुळीत चालेल ती जागा शोधावी, वाढलेला वेग थ्रॉटलच्या स्क्रूने पुन्हा खाली आणावा, आणि हे दोन-तीनदा करावे. मिश्रणाचा स्क्रू फिरवून काहीच फरक पडत नसेल तर थांबावे, कारण स्लोचा जेट अजून तुंबलेला आहे किंवा गळती राहिली आहे.

यानंतर पीयूसी केंद्रावर जावे, पण केवळ कागदासाठी नव्हे. तिथले यंत्र धुरातले कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते, आणि तेवढ्या पैशात दुसरीकडे इतके चांगले निदान मिळत नाही. बीएस-2 या प्रदूषण मानकापूर्वीच्या पेट्रोल चारचाकीसाठी मर्यादा कार्बन मोनॉक्साइडची 3 टक्के आणि हायड्रोकार्बनची 1500 पीपीएम (दहा लाखांत इतके भाग) आहे. कार्बन मोनॉक्साइड जास्त म्हणजे मिश्रण घट्ट. तो कमी असून हायड्रोकार्बन जास्त म्हणजे एखादा सिलिंडर अजून पेट्रोल न जाळता बाहेर टाकतो आहे, मग कारण ठिणगी असो वा पातळ मिश्रण.

शेवटची चाचणी रस्त्यावर घ्यावी. काकतीवरून वंटमुरी घाटापर्यंत गाडी चांगली गरम करून आणावी, परत येताना दोन-तीन ठिकाणी पाच-पाच मिनिटे स्लोवर उभी करावी, त्यात एकदा हेडलाइट लावून आणि एकदा ब्रेक दाबून पाहावे. गोवा किंवा सावंतवाडीकडे उतरण्यापूर्वी स्क्रू आगाऊ बदलू नये. खाली पोहोचल्यावर गाडी धरत नसेल तर मिश्रणाचा स्क्रू पाव फेरा उघडावा, वहीत तारीख घालून तसे लिहावे, आणि घाट चढून परत आल्यावर तोच पाव फेरा बंद करावा.